पोरीला नटी व्हायचंय

मी वाशिमला शाळेत मराठी शिकवते आणि दरवर्षी स्नेहसंमेलनात मुलींची नाटकं बसवते. माझ्या बहिणीची मुलगी मंगरूळपीरची. शाळेतल्या नाटकांतूनच ती पुढं गेली, आणि आज मुंबईत मालिकांमध्ये काम करते. नायिका म्हणून नाही. कधी नणंद, कधी मैत्रीण, कधी दवाखान्यातली डॉक्टर. पण त्यावर तिचं घर चालतं, आणि आईच्या औषधपाण्याचे पैसेही तीच पाठवते. ती टीव्हीवर दिसायला लागल्यापासून रिसोड, कारंजा, मानोऱ्याकडून आया पोरींना घेऊन माझ्याकडं येतात. "मॅडम, हिला नटी व्हायचंय. काय करायचं?" त्यांना मी जे सांगते, तेच इथं लिहून काढलं आहे. नशीब उघडलं की पोरगी पडद्यावर दिसते, असं आपल्याकडं सर्रास मानतात. मी जवळून पाहिलं ते वेगळंच आहे. हा रोजंदारीचा, कष्टाचा पेशा आहे आणि त्याला त्याचे कायदेकानू आहेत. ज्या घराला ते ठाऊक असतात, त्या घरची पोरगी तिथं टिकते.

१. वऱ्हाडीची लाज धरू नका.

आपल्या पोरी माईकसमोर आल्या की पहिल्यांदा आपली बोली गिळून टाकतात. 'काऊन' म्हणायची सवय असलेली पोरगी एकदम पुण्याची होते आणि तिचा चेहरा दगडासारखा होऊन जातो. सगळं लक्ष चुकणाऱ्या उच्चारांकडं लागलं की भाव कुठून येणार?

झी मराठीवर २०१६ च्या ऑगस्टमध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली. त्यातली राधिका विदर्भातली, तिची बोलीही आपल्याकडची. अख्ख्या महाराष्ट्रानं चार वर्षांहून जास्त काळ ती बोली रोज संध्याकाळी घरात ऐकली आणि तिच्यावर जीव लावला. राधिका साकारणाऱ्या अनिता दाते मात्र नाशिकच्या. आणि त्याच मालिकेत शहरी, नखरेल शनाया रंगवली ती रसिका सुनीलनं, जिचा जन्म अकोल्याचा, १९९२ चा. तेव्हा वाशिम हा वेगळा जिल्हा नव्हता. १ जुलै १९९८ पर्यंत आपण अकोला जिल्ह्यातच होतो. म्हणजे रसिका जन्मली तेव्हा ती आपल्याच जिल्ह्याची पोर. नाशिकची बाई वैदर्भी बोलली आणि वऱ्हाडात जन्मलेली मुलगी मुंबईची झाली, दोघीही लोकांनी खऱ्या मानल्या. मी पोरींना हे उदाहरण नेहमी देते. कारण बोली हे नटीच्या हातातलं एक जास्तीचं अवजार असतं. अनिताताईंना वैदर्भी शिकावी लागली असेल, तुम्हाला ती आईच्या दुधासोबत मिळाली आहे.

'सैराट'मधली आर्ची आठवा. अकलूजच्या रिंकू राजगुरूला कुणी प्रमाण मराठीत बोलायला लावलं नाही, आणि त्याच भूमिकेसाठी ६३ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. आणि एक गोष्ट वाशिमकरांनी विसरू नये. हे गाव म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. जुन्या साहित्यशास्त्रात 'वच्छोमी' नावाच्या शैलीचं कौतुक आहे, ती या गावाच्या नावानं ओळखली गेली. ज्या मातीनं भाषेला शैली दिली तिथल्या पोरीनं आपल्या बोलण्यावरून मान खाली का घालावी?

२. पण मोठ्यानं, स्वच्छ वाचता आलंच पाहिजे.

बोली जपा, पण कुठलाही कागद समोर आला तर तो न अडखळता वाचता आला पाहिजे. भक्ती बर्वे आणि स्मिता पाटील या दोघींनी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचल्या होत्या. एकीनं पुढं रंगभूमीवर 'ती फुलराणी' उभी केली, दुसरीनं 'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवले. बातमी वाचताना आवाज, श्वास, विराम हे सगळं उघडं पडतं. त्याला सजावटीचा आडोसा नसतो.

मालिकेत संवादाचा कागद बऱ्याचदा सेटवर ऐनवेळी हातात पडतो. भाची सांगते, केसांत पिना लावून घेता घेता पाठांतर करावं लागतं. म्हणून माझ्या वर्गात मी मुलींना रोज वर्तमानपत्रातला एक उतारा उभं राहून वाचायला लावते. आधी जिल्ह्याची बातमी, मग अग्रलेख. ज्या मुलीला अग्रलेखाचं लांबलचक वाक्य एका श्वासात पेलतं, तिला संवादाची भीती राहत नाही.

३. समोर कुणी नसताना बोलता आलं पाहिजे.

एकदा मी भाचीसोबत सेटवर गेले होते. त्या दिवशी तिला सासूशी कडाक्याचं भांडायचं होतं. सासूचं काम करणाऱ्या बाई त्यांचे शॉट आटपून निघून गेल्या होत्या. आता फक्त भाचीचे क्लोज-अप राहिले होते. कॅमेऱ्याशेजारच्या स्टँडला एकानं पांढऱ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि म्हणाला, "ही सासू." एक तरुण सहायक दिग्दर्शक खाली बसून सासूचे संवाद सपाट आवाजात वाचत होता, मध्येच त्याला जांभई आली. आणि आमची पोरगी त्या टेपच्या तुकड्याकडं बघून थरथरत होती. डोळ्यांत पाणी होतं, ते गालावर ओघळू द्यायचं नव्हतं; कारण आधीच्या शॉटमध्ये ते ओघळलेलं नव्हतं. शॉट ओके झाला, तिनं रुमालानं डोळे टिपले आणि विचारलं, "पुढचा कुठला?"

अभिनय शिकवणाऱ्या माणसानं हे एकदा डोळ्यांनी पाहावं. आपण शाळेत पोरींना प्रेक्षकांकडं तोंड करायला शिकवतो. पडद्यावर मात्र प्रेक्षक नसतो, कधी कधी समोरचा नटही नसतो. त्या दिवसापासून मी मुलींना भिंतीवर खडूनं एक फुली मारून देते आणि तिच्याशी बोलायला सांगते. सुरुवातीला हसतात. मग एखादी पोरगी त्या फुलीशी बोलता बोलता खरंच रडते, आणि वर्ग गप्प होतो.

४. ऑडिशनसाठी मुंबई गाठायची घाई नको.

पूर्वी गोरेगाव-अंधेरीच्या ऑफिसांबाहेर रांगा लावाव्या लागत. आता बहुतेक पहिल्या चाचण्या मोबाइलवर होतात. सीन व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तो पाठ करायचा, व्हिडिओ काढून पाठवायचा. मोबाइल आडवा धरायचा, उजेड समोरून हवा, मागं कोरी भिंत. सुरुवातीला नाव, उंची, वय. मग डावीकडून, उजवीकडून चेहरा दाखवायचा.

भाचीचं पहिलं काम असंच मिळालं, मंगरूळपीरला बसून. सोयाबीन काढणीचे दिवस, शेजारच्या वावरात मळणीयंत्र धडधडत होतं. बहिणीनं शेजाऱ्यांना विनवलं, त्यांनी यंत्र तेवढ्यापुरतं बंद ठेवलं. मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवला, आणि नवऱ्याचे संवाद वाचायला माझे भाऊजी बसले. जन्मात नाटक न पाहिलेला माणूस, पण एकही वाक्य चुकलं नाही.

काम पक्कं झालं की मगच निघावं. अकोल्याहून मुंबईची रात्रीची गाडी मिळते, आणि आता समृद्धी महामार्ग कारंजा, शेलुबाजार, मालेगावजवळून जातो. रस्ता जवळ आलाय. घाई कशाला?

५. जो काम देण्यासाठी पैसे मागतो, त्याच्याकडं काम नसतं.

फोटो काढायचे पैसे, कार्डाचे पैसे, 'रोल कन्फर्म' करायचे पैसे. आपल्या भागातल्या कितीतरी घरांनी असे पैसे भरले आहेत. खरा कास्टिंग करणारा निर्मात्याकडून पैसे घेतो, नटीकडून नाही. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आणि याच्या जोडीला दुसरं. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ पासून आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं जिथं काम करतात तिथं अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे, आणि मालिकेच्या सेटवर त्याच्या कितीतरी पट माणसं असतात. करार सही करताना समितीत कोण आहे, तिचा नंबर काय, हे विचारायचं. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही. विचारणाऱ्या मुलीशी लोक जरा सांभाळून वागतात, हा भाचीचा अनुभव.

६. पैसा उशिरा येतो, तेवढे महिने काढता आले पाहिजेत.

हे मी सगळ्यात जास्त वेळ समजावून सांगते, कारण पोरी इथंच मोडतात.

मालिकेत पगार नसतो, दिवसाचा दर असतो. महिन्यात जितके दिवस बोलावलं तितक्या दिवसांचे पैसे. कथेचा ट्रॅक आपल्याकडं असला तर वीस-बावीस दिवस भरतात. ट्रॅक दुसऱ्या घराकडं वळला की चार-पाच दिवसांवर येतात. त्यात टीव्हीच्या धंद्यात पैसे नव्वद दिवसांनी देण्याची रीत आहे. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरच्या अखेरीस किंवा त्याही पुढं. त्या काळात खोलीचं भाडं, डिपॉझिट, दलालाचं एक महिन्याचं भाडं, रिक्षा, जेवण हे सगळं रोख लागतं. आणि हातात येताना दहा टक्के टीडीएस कापून येतो. तो परत मिळवायचा तर प्राप्तिकराचं विवरण भरावं लागतं. कितीतरी मुली ते भरत नाहीत आणि हक्काचे पैसे सोडून देतात.

आमच्याकडं शेतकऱ्याच्या घराला हे समजावणं सोपं जातं. तूर पेरली की पैसा लगेच येत नाही, तोवर घर चालवायची तजवीज आधी करावी लागते, तसंच हे. बहिणीनं पोरीला पाठवण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत बाजूला ठेवला होता. तो होता म्हणून पोरगी पहिल्या वाईट महिन्यात परत आली नाही, आणि नको ते काम पत्करायचीही तिच्यावर वेळ आली नाही. एका निर्मात्यानं तिचे पैसे फार लांबवले, तेव्हा कॉलशीट, दिवसांची नोंद, मेसेज हे सगळं तिच्याकडं तारखेनिशी लिहून ठेवलेलं होतं. त्या वहीच्या जोरावर ते वसूल झाले. आमची आई तेव्हा हयात होती, ती म्हणाली होती, "तिले जाऊ द्या मुंबईले, पन हिशोबाची वही संग देजा."

७. भूमिका आपल्या मालकीची नसते.

शनाया गाजत असतानाच, २०१८ मध्ये रसिका सुनीलनं मालिका सोडली आणि अभिनय शिकायला ती अमेरिकेला गेली. शनाया थांबली नाही. ईशा केसकर त्या भूमिकेत आली, प्रेक्षकांनी तिलाही स्वीकारलं. २०२० मध्ये रसिका पुन्हा शनाया म्हणून परतली. मधल्या काळात तिचे 'गॅट मॅट', 'गर्लफ्रेंड' असे चित्रपट आले.

हे ऐकून काही आया घाबरतात, एवढं चांगलं काम का सोडलं म्हणून. मला मात्र तिचं हे वागणं फार मोलाचं वाटतं. नाव वाहिनीचं, भूमिका वाहिनीची, कपडेसुद्धा निर्मात्याचे. नटीचं स्वतःचं असतं ते तिचं कसब. तेवढं वाढवण्यासाठी चालतं काम सोडायचं धैर्य तिनं दाखवलं. अनिता दात्यांनीही पुण्याच्या ललित कला केंद्रात रीतसर शिक्षण घेतलं आहे. मालिका संपल्यावर 'मी वसंतराव' आणि 'वाळवी'त त्या अशा दिसल्या की राधिका आठवतच नाही. मालिका मार्च २०२१ मध्ये संपली, पण त्या दोघींचं काम संपलं नाही.

८. शाळा सोडू देऊ नका.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला तेव्हा रिंकू शाळेत होती. गर्दीमुळं तिला वर्गात बसणं मुश्कील झालं. तिचे आईवडील दोघेही शिक्षक. तिनं बाहेरून बसून २०१७ मध्ये दहावी केली, ६६ टक्के पडले. मग बारावी केली, कला शाखेतून, ८२ टक्के मिळवले. देशभर नाव झालेल्या पोरीला परीक्षेची काय गरज, असं तिच्या घरानं म्हटलं नाही. मला त्या घराचा फार अभिमान वाटतो.

९. पोरगी लहान असेल तर कायदा आधी वाचा.

टीव्हीवरच्या चिमुकल्या पाहून सात-आठ वर्षांच्या लेकरांना घेऊन लोक येतात. त्यांना मी २०१७ चे बालकामगार कायद्याचे सुधारित नियम दाखवते. चौदा वर्षांखालच्या बालकलाकारासाठी, जिथं चित्रीकरण असेल त्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्यानं घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, सलग तीन तासांनंतर विश्रांती हवीच, आणि सलग २७ दिवसांहून जास्त काम देता येत नाही. मिळकतीतला किमान २० टक्के भाग लेकराच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव म्हणून ठेवावा लागतो.

हा शेवटचा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन ज्यांनी वाचलं आहे त्यांना कारण सांगायला नको. घराला हातभार लावायला त्या कोवळ्या वयात या धंद्यात आल्या, आणि त्यांच्या कमाईवर घर चाललं. 'भूमिका' हा चित्रपट त्याच आयुष्यावर आधारलेला आहे. पोरगी कमावती झाली की घर तिच्यावर बसतं, हे आजही घडतं. तिचं खातं तिच्या नावानं असावं, आणि त्याचं पासबुक तिच्या हातात.

१०. शरीर सांभाळणं हेही कामच.

येवल्यात जन्मलेल्या ललिता पवार मूकपटांपासून कामाला लागल्या, नायिका झाल्या, स्वतः चित्रपटही काढले. १९४२ मध्ये 'जंग-ए-आजादी'च्या चित्रीकरणात भगवानदादांच्या हातून बसलेली थप्पड इतकी जोराची होती की चेहऱ्याची नस दुखावली आणि डाव्या डोळ्याला कायमचा दोष राहिला. लांबलचक उपचार झाले. नायिकेची वाट बंद झाली. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या. तिथून त्या चरित्र भूमिकांकडं वळल्या. 'श्री ४२०' मधली केळेवाली गंगामाई, 'अनाडी'तली मिसेस डीसा, जिच्यासाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं, आणि रामानंद सागरांच्या 'रामायण'मधली मंथरा. ती मंथरा पाहत मोठी झालेली आमची अख्खी पिढी आहे. बारीक झालेल्या त्या डोळ्याचा त्यांनी भूमिकेसाठी उपयोग करून घेतला.

मी हे धीर देण्यासाठी सांगते, तसंच सावध करण्यासाठीही. मारामारी, पडणं, पाण्यात उतरणं, घोड्यावर बसणं असलं काही दृश्यात असेल तर तालीम मागून घ्यावी, विमा आहे का विचारावं. बारा-तेरा तासांची शिफ्ट, अपुरी झोप, वेळी-अवेळी खाणं यानं पोरी लवकर थकतात. भाचीला मी घरून भाजणीचं पीठ आणि तुरीची डाळ पाठवते. सेटवरचं जेवण रोजचं पोटाला सोसत नाही.

११. लोक बोलणारच, आईनं मधे उभं राहावं.

सोयरीक जुळणार नाही, असं बहिणीला तोंडावर सांगणारे नातेवाईक होते. तीच माणसं आता लग्नकार्यात भाचीसोबत फोटो काढून घेतात. या बदलाचं मला फारसं कौतुक नाही. पण मधली ती वर्षं बहिणीनं ज्या रीतीनं निभावली त्याचं आहे. कुणी वेडंवाकडं बोललं की ती एवढंच सांगायची, "ती कामाले गेली हाये." त्यापुढं एक शब्द नाही.

१२. मुंबईच्या आधी अमरावती.

हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे आणि अमरावती हे तिचं आपल्याला जवळचं केंद्र. तिकिटाचा दर अगदी नाममात्र असतो. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची नाटकं आहेत. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या कंपन्या गावोगाव प्रयोग लावतात, आणि तिथल्या स्त्री कलाकारांना प्रत्येक प्रयोगाचे रोख पैसे मिळतात. रात्रभर मांडवातल्या हजारो माणसांपुढं उभं राहण्याची सवय दुसरीकडं कुठं लागणार? अभिनयाची रोजी विदर्भातही आहे, फक्त आपलं तिकडं लक्ष जात नाही.

म्हणून माझी एकच विनंती आहे. तुमच्या पोरीला नटी व्हायचं असेल, तर तिला मुंबईच्या गाडीत बसवण्याआधी या हिवाळ्यात एकदा अमरावतीला घेऊन जा. स्पर्धेचं एक नाटक तिच्याशेजारी बसून पूर्ण पाहा, आणि परत येताना त्यातलं कुठलं काम तिला करावंसं वाटतं ते विचारा. सासूचं, मोलकरणीचं, म्हातारीचं, कुठलंही सांगितलं तरी तिला माझ्याकडं घेऊन या.